क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाची बातमी: नुसते नॅनोमीटर छापू नका

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाने काढलेले पेशीचे किंवा चुंबकीय पदार्थाचे चित्र वृत्तपत्रात येते तेव्हा सोबत हमखास एक आकडा असतो: अमुक इतक्या नॅनोमीटरपर्यंतचे दिसले. आकडा जितका लहान, तितकी बातमी मोठी. हा आकडा सहसा खोटा नसतो, पण एकटा छापला की वाचकाची फसगत होते. १० नॅनोमीटर वाचल्यावर कोणालाही वाटेल की आता जिवंत पेशीतल्या प्रथिनांची हालचाल डोळ्यांनी पाहता येणार. तसे होत नाही, आणि का होत नाही हेच खरे या विषयाचे मर्म आहे. या उपकरणांवर रोज काम करणाऱ्यांच्या वतीने त्याविषयी थोडे लिहितो.

मुळात क्ष-किरणांना नेहमीचे भिंग चालत नाही. १८९५ मध्ये हे किरण सापडल्यावर रोंटगेन यांनी ते लोलकाने वा भिंगाने वळतात का हे तपासून पाहिले होते, वळले नाहीत. क्ष-किरणांसाठी कोणत्याही पदार्थाचा अपवर्तनांक जवळजवळ १ असतो, म्हणजे ते जवळजवळ वळतच नाहीत. मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांत फरक पडला तरी हजारात एखाद्या भागाचा. म्हणून भिंगाऐवजी झोन प्लेट वापरतात. अतिशय पातळ पडद्यावर सोन्याची किंवा निकेलची एककेंद्री कडी असतात आणि ती बाहेरच्या बाजूला अरुंद होत जातात. किरण या कड्यांवरून विवर्तित होऊन, म्हणजे त्यांच्या कडांपाशी वळून, एका बिंदूपाशी एकत्र येतात. जर्मनीत गॉटिंगेनला श्माल आणि रुडॉल्फ यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस लेझरच्या व्यतिकरणाने अशा प्लेट बनवायला सुरुवात केली. आज त्या इलेक्ट्रॉन झोताने कोरतात.

बातमीतला आकडा येतो तो या प्लेटच्या सर्वांत बाहेरच्या कड्यातून. कड्याची रुंदी २५ नॅनोमीटर असेल तर विभेदनक्षमता, म्हणजे वेगळा दिसणारा सर्वांत लहान तपशील, तिच्या १.२२ पट, म्हणजे सुमारे ३० नॅनोमीटर. कडे अरुंद केले की चित्र बारीक होते, इतके सरळ. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते आणि बातमीत त्यातले एकही ठिकाण येत नाही.

पहिले ठिकाण प्रकाशाचे. किरण अडवणाऱ्या कड्यांच्या प्लेटमधून कामाच्या फोकसपाशी सिद्धांतानेसुद्धा जेमतेम १० टक्के प्रकाश पोहोचतो. निम्मा प्लेटमध्येच शोषला जातो आणि पाव भाग सरळ पुढे निघून जातो. हा सरळ जाणारा प्रकाश नमुन्यावर पडला तर चित्र धुरकटते. तो अडवण्यासाठी प्लेटच्या मध्यभागी एक अपारदर्शक ठिपका आणि नमुन्याच्या अलीकडे एक बारीक छिद्र ठेवतात. छिद्र अक्षावरून थोडे जरी सरकले तरी प्रकाशबिंदूभोवती चंद्रकोरीसारखी गळती दिसू लागते. नवख्याला वाटते प्लेट खराब झाली. खरे तर छिद्र पुन्हा मध्यावर आणायचे असते.

दुसरे ठिकाण ऊर्जेचे. झोन प्लेटचे फोकस अंतर किरणांच्या ऊर्जेच्या प्रमाणात वाढते. २४० मायक्रॉन व्यासाची आणि २५ नॅनोमीटर बाह्य कड्याची प्लेट घ्या. २८४ इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे किरणांच्या ऊर्जेचे एकक) तिचा फोकस १.४ मिलिमीटरवर असतो, ७०० ला जवळजवळ ३.४ मिलिमीटरवर. म्हणजे ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टने बदलली की फोकस सुमारे ४.८ मायक्रॉन सरकतो, आणि फोकसची सहनसीमा मात्र मायक्रॉनच्या आसपास. त्यामुळे वर्णपट घेताना, म्हणजे ऊर्जा पायरीपायरीने बदलत शोषण नोंदवताना, प्रत्येक पायरीला प्लेट पुढे-मागे न्यावी लागते. ती नेताना तिचे वाहक शंभर-दोनशे नॅनोमीटर आडवे सरकले तर नमुन्याची जागाच बदलते. हे सावरायला सरकणे लेझरने मोजणारा इंटरफेरोमीटर लागतो. तो नसेल, तर पहिल्या आणि पन्नासाव्या चित्रातला एकच पिक्सेल नमुन्याच्या दोन वेगळ्या जागांचा असतो आणि त्या वर्णपटाला काही अर्थ उरत नाही.

तिसरे ठिकाण खोलीचे. आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित तेच. फोकसमध्ये राहणारी जाडी कड्याच्या रुंदीच्या वर्गाप्रमाणे घटते. २.४ नॅनोमीटर तरंगलांबीला २५ नॅनोमीटरच्या प्लेटची ही जाडी साधारण १ मायक्रॉन येते. प्राण्याची पेशी ५ ते १० मायक्रॉन जाड असते. म्हणजे प्लेट जितकी तीक्ष्ण, तितका पेशीचा छोटा काप स्पष्ट आणि उरलेली सगळी पेशी त्यावर धूसर होऊन सांडलेली. ६० नॅनोमीटरच्या प्लेटला हीच जाडी ६ मायक्रॉनच्या आसपास मिळते. म्हणून अख्ख्या पेशीचे त्रिमितीय चित्र घेणारे मुद्दाम जाडसर प्लेट निवडतात. बातमीच्या हिशेबाने ते मागे पडले, कामाच्या हिशेबाने त्यांनी योग्य तेच केले.

आता पेशीकडे वळू. मृदू क्ष-किरणांत कार्बनची शोषणकड (ज्या ऊर्जेला शोषण एकदम वाढते ती) २८४ इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि ऑक्सिजनची ५४३ ला आहे. या दोहोंमध्ये, म्हणजे ४.४ ते २.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, पाणी किरणांना बऱ्यापैकी जाऊ देते आणि कार्बन अडवतो. या पट्ट्याला वॉटर विंडो म्हणतात. त्याच्या जास्त ऊर्जेच्या टोकाला बर्फाचे शोषण मायक्रॉनमागे सुमारे ०.१ आणि मेदाच्या थेंबाचे त्याच्या पाचपट किंवा अधिक. पेशीला ना रंग द्यावा लागतो, ना तिचे काप करावे लागतात. मेद, केंद्रक, पोकळ्या आपापल्या घनतेनुसार वेगळ्या दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला मायक्रॉनच्या अंशाइतकाच पातळ नमुना चालतो, इथे अखंड पेशी चालते. क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाची खरी जागा ही आहे. बारीकपणाच्या शर्यतीत तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला गाठू शकणार नाही, त्याची गरजही नाही.

पण हेच शोषण पेशीला मारते. एका चित्रासाठी नमुना दहा लाख ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) आणि त्याहून कितीतरी जास्त मात्रा घेतो. माणसाला अख्ख्या शरीरावर पाचेक ग्रे मात्रा प्राणघातक ठरते. बारीक पाहायचे तर मात्रा झपाट्याने वाढते: तपशिलाचा आकार निम्मा केला की लागणारी मात्रा साधारण सोळापट होते. उलट बाजूने, गोठवलेला जैविक नमुना किती मात्रा सोसेल याचा या क्षेत्रात वापरला जाणारा ढोबळ नियम आहे: जितके नॅनोमीटर पाहायचे, त्या प्रत्येकामागे दहा कोटी ग्रे. म्हणजे ५० नॅनोमीटरचा तपशील पाहायचा तर पाचशे कोटी ग्रेपर्यंत तग धरतो, १० नॅनोमीटरला शंभर कोटीपर्यंतच. एक रेषा चढते, दुसरी उतरते. गोठवलेल्या पेशीसाठी त्या १० नॅनोमीटरच्या आसपास एकमेकींना छेदतात. यापुढे भिंग कितीही चांगले केले तरी पाहण्याआधीच पाहायची वस्तू बिघडते. 'जिवंत पेशीचे क्ष-किरण चित्र' हे शब्द बातमीत आले तर थांबून विचारावे. क्ष-किरण लेझरच्या काही फेम्टोसेकंदांच्या एका झटक्यात, पेशी फुटण्याआधीच तिची विवर्तन आकृती घेता येते, हे खरे. पण चित्र एकच. त्यानंतर पेशीच उरत नाही.

म्हणून नमुना गोठवतात, आणि बहुतेक बिघाड इथेच होतात. पाण्याचे स्फटिक होता कामा नयेत. ते काचेसारखे थिजले पाहिजे. त्यासाठी नमुना द्रव नायट्रोजनमध्ये नव्हे, द्रव इथेनमध्ये बुडवतात. नायट्रोजन नमुन्याभोवती लगेच उकळतो आणि वायूचा थर धरतो, त्यामुळे थंडावा हळू पोहोचतो. नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर जास्त द्रव राहिला तर मधला भाग गोठायला उशीर होऊन स्फटिक होतात. टिपकागदाने जास्त टिपले तर पेशी सुकते, चपटी होते. गोठवल्यावर उणे १४० अंशांच्या वर नमुना येऊ द्यायचा नाही, नाहीतर थिजलेले पाणी स्फटिकात बदलू लागते. पेटीतून सूक्ष्मदर्शकात नेताना हवेतली वाफ नमुन्यावर जमते आणि चित्रात काळे गोळे येतात. ते पेशीतले अवयव समजून मोजले जाण्याचा धोका असतो. ओळखायची खूण अशी की हे गोळे पेशीच्या सीमेची पर्वा न करता मोकळ्या जागेतही पसरलेले असतात.

त्रिमितीय चित्रासाठी नमुना फिरवतात. सपाट जाळीवरचा नमुना दोन्ही बाजूंना ६०-६५ अंशांपलीकडे कलवता येत नाही. ६० अंशांवर किरणांचा मार्गच दुप्पट होतो, ५ मायक्रॉनची पेशी १० मायक्रॉनची भासते. न घेतलेल्या कोनांची माहिती कायमची गहाळ राहते आणि गोल थैली किरणांच्या दिशेने लांबट दिसते. छापलेल्या चित्रात सगळ्या गोष्टी एकाच दिशेने ताणलेल्या दिसल्या तर जीवशास्त्रात कारण शोधू नये. अतिबारीक काचनळीत पेशी भरल्या की पूर्ण १८० अंश मिळतात. यीस्टसारख्या सुट्या पेशींना हे छान जमते, पृष्ठभागाला चिकटून पसरणाऱ्या पेशींना नाही. प्रतिदीप्त, म्हणजे चमकणाऱ्या रेणूंचे, चित्रही हवे असेल तर ते आधी घ्यायचे, कारण क्ष-किरणांनी प्रतिदीप्त रेणू विझतात. हा क्रम चुकला तर त्या नमुन्यापुरता उपाय नाही.

चुंबकीय चित्रांची गोष्ट वेगळी आहे, पण दिशाभूल तीच. इथे शोषणाचा फरक घनतेमुळे दिसत नाही, तो इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे दिसतो. लोह, कोबाल्ट, निकेल यांच्या एल-कडांवर (मृदू क्ष-किरणांतल्या शोषणकडा), म्हणजे लोहासाठी ७०७ आणि ७२०, कोबाल्टसाठी ७७८ आणि ७९३ इलेक्ट्रॉनव्होल्टला, डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाचे किरण चुंबकित पदार्थात वेगवेगळे शोषले जातात. हा परिणाम प्रथम १९८७ मध्ये लोहाच्या के-कडेवर, म्हणजे त्याच्या बऱ्याच जास्त ऊर्जेच्या शोषणकडेवर, मोजला गेला. एल-कडांवर तो कितीतरी मोठा मिळतो. कड प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची असल्याने, एकावर एक बसवलेल्या थरांमधला लोहाचा थर एका बाजूला आणि कोबाल्टचा दुसऱ्या बाजूला चुंबकित आहे, हे वेगवेगळे सांगता येते. किरणांवर विद्युतभार नसल्याने बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून ठेवले तरी चित्र वाकडे होत नाही. इलेक्ट्रॉनवर चालणाऱ्या पद्धतींना हे जड जाते.

पद्धत ऐकायला सोपी: डाव्या ध्रुवीकरणाचे एक चित्र, उजव्याचे एक, दोन्हींचा लघुगणक घेऊन वजाबाकी. पण दोन चित्रांमध्ये नमुना १० नॅनोमीटर जरी सरकला तरी चित्रातल्या प्रत्येक आकाराच्या काठाला एक पांढरी आणि एक काळी किनार उमटते आणि ती हुबेहूब चुंबकीय भिंतीसारखी, म्हणजे वेगळ्या दिशांनी चुंबकित भागांमधल्या सीमेसारखी, दिसते. सरकायला फार काही लागत नाही: १० सेंटिमीटर ॲल्युमिनियमचा आधार दशांश अंशाने तापला तरी सुमारे २३० नॅनोमीटरने लांबतो. खोटी किनार पकडायचे दोन साधे मार्ग आहेत. शोषणकडेच्या अलीकडे, लोहासाठी ७०० च्या आसपास, तीच वजाबाकी करावी. तिथे चुंबकीय फरक नसतो, काही दिसले तर ते सरकण्याचे. दुसरे, ७०७ वरचे काळे ७२० वर पांढरे झाले पाहिजे, कारण दोन कडांवर परिणामाचे चिन्ह उलट असते. उलटले नाही तर चित्र चुंबकत्वाचे नाही. शोधनिबंधात हे दुसरे चित्र जोडलेले पाहिले की आमचा त्यावर विश्वास बसतो.

आणखी एक मर्यादा आहे. दिसते ते चुंबकनाचे फक्त किरणांच्या दिशेचे अंग. पातळ थराच्या प्रतलात पडलेले चुंबकन समोरून पाहिले तर चित्र कोरे. नमुना ३० अंश कलवला तर निम्मा परिणाम मिळतो. पण फोकस अंतर दोन-तीन मिलिमीटर आणि मधल्या छिद्रापासून नमुन्यापर्यंत मिलिमीटरचा काही अंशच मोकळा असतो, त्यामुळे कललेल्या नमुन्याची चौकट छिद्रावर आदळते. मग सिलिकॉन नायट्राइडचा शंभरेक नॅनोमीटरचा पडदा फुटतो, त्यासोबत नमुना जातो, आणि नशीब वाईट असेल तर झोन प्लेटसुद्धा. जाडीचेही बंधन आहे. ७०७ ला धातुरूप लोहात किरण साधारण २० नॅनोमीटरमध्येच एक-तृतीयांशावर येतात. २०० नॅनोमीटरचा थर तिथे काळाकुट्ट. त्यातून जे थोडे बाहेर येते ते बहुतेक दुप्पट ऊर्जेच्या घुसखोर किरणांचे असते, आणि त्यांना चुंबकत्वाशी देणेघेणे नसते. सिलिकॉनच्या नेहमीच्या चकतीवर थर चढवून आणणाऱ्यांना तर परतच पाठवावे लागते. नमुना पहिल्यापासून पातळ पडद्यावरच वाढवायला हवा.

जाड चुंबकासाठी कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण लागतात. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या स्विस लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र) ५ मायक्रॉन व्यासाच्या गॅडोलिनियम-कोबाल्ट स्तंभाच्या आतली चुंबकनाची दिशा तिन्ही अंगांनी काढली गेली. चुंबकनाला तीन अंगे असल्याने नमुना एका अक्षाभोवती फिरवून भागत नाही, दुसऱ्या अक्षाभोवतीही फिरवावा लागतो. त्या चित्राचे विभेदन सुमारे १०० नॅनोमीटर होते. आकड्यांच्या शर्यतीत ते चित्र कुठेच नाही. आमच्या दृष्टीने या क्षेत्रातल्या सर्वांत मोलाच्या चित्रांपैकी ते एक आहे.

जीवशास्त्र आणि चुंबकत्व एकाच नमुन्यात भेटतात ते चुंबकदर्शी जिवाणूंमध्ये. त्यांच्या आत मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची माळ असते, एकेक मणी साधारण ४० ते ६० नॅनोमीटरचा. कार्बनच्या कडेवर पेशीचे प्रथिन दिसते (२८८.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखर त्याची ओळख), लोहाच्या कडेवर माळ, आणि ध्रुवीकरण बदलले की माळेचे चुंबकन. मात्र मॅग्नेटाइटमध्ये लोह तीन प्रकारच्या जागी बसते आणि वर्णपटात मधे दिसणाऱ्या जागेचे चुंबकन इतर दोहोंच्या विरुद्ध असते. त्यामुळे दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतच परिणामाचे चिन्ह खाली, वर, पुन्हा खाली असे फिरते. ऊर्जेचे मापन सव्वा-दीड इलेक्ट्रॉनव्होल्टने चुकले तर माळेचा उत्तर ध्रुव दक्षिण वाटेल. इथे विभेदनाइतकीच, किंबहुना जास्तच, गरज आहे ती ऊर्जा ०.१-०.२ पर्यंत अचूक ठेवण्याची. हा आकडा कुठल्याच बातमीत येत नाही.

विक्रमी आकडे कशावर मोजले गेले तेही पाहावे. २००५ मध्ये अमेरिकेत बर्कलीला १५ नॅनोमीटरच्या रेषा वेगळ्या दिसल्या त्या क्रोमियम आणि सिलिकॉनच्या आलटूनपालटून रचलेल्या थरांच्या: कठीण, कोरड्या, ठळक. पुढे टायकोग्राफी आली. तीत प्रकाशाचा ठिपका नमुन्यावर एकमेकांवर येत सरकवतात, प्रत्येक जागेची विवर्तन आकृती नोंदवतात आणि चित्र गणिताने उभे करतात. प्लेटची मर्यादा तिथे आड येत नाही. २०१४ मध्ये ५ नॅनोमीटरच्या रचना दाखवल्या गेल्या आणि पद्धत बॅटरीतल्या लिथियम आयर्न फॉस्फेटवर वापरली गेली. मात्रेची मर्यादा मात्र तशीच आहे. तिला गणिताने हात लावता येत नाही.

तेव्हा विनंती इतकीच. चित्र छापताना नॅनोमीटरच्या आकड्याशेजारी एक ओळ द्यावी: नमुना कोणता, गोठवलेला की कोरडा, किती जाड, किरणांची ऊर्जा किती, चित्र एका दिशेने घेतलेले की फिरवून. मूळ शोधनिबंधात ही माहिती चित्राखालीच दिलेली असते, वेगळी शोधावी लागत नाही. चुंबकाच्या 'चित्रफिती'बद्दल लिहिताना ती लाखो आवर्तनांची सरासरी आहे का हे विचारावे, कारण सिंक्रोट्रॉनवर तशीच ती बनते आणि एकदाच घडणारी घटना तीत दिसत नाही. लाल-निळे रंग संगणकाने दिलेले असतात. लाल म्हणजे उष्ण नव्हे, फक्त एका दिशेचे चुंबकन. आणि पानावर जागा करण्यासाठी चित्र कापताना खालच्या कोपऱ्यातली आडवी पांढरी रेघ कापू नये. ती मोजपट्टी असते.

आपले नम्र,
क्ष-किरण सूक्ष्मदर्शनाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक